आजोबांच्या ऑटोग्राफ बुकात गांधीजींची सही निघाली, खरी कशी ओळखायची आणि जपायची कशी?

महालची_नात

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहून राहिले इथे, थोडं लांबेल. आमचं महालातलं जुनं घर बिल्डरला दिलंय, दिवाळीनंतर पाडणार, म्हणून मागचे तीन रविवार मी, बाबा आणि आत्या मिळून माळा रिकामा करून राहिलोय. पितळेची भांडी, पंचांगांचे गठ्ठे, आजीची शिवणमशीन असं काय काय निघालं, आणि एका पत्र्याच्या ट्रंकेत धोतरात गुंडाळलेली एक छोटीशी ऑटोग्राफ बुक. तळहाताएवढी, मरून कापडी कव्हर, आतली पानं एक गुलाबी, एक पिस्ता, एक क्रीम अशी रंगीत. पहिल्या पानावर आजोबांचं नाव आणि खाली 'मॉरिस कॉलेज, नागपूर, सी. पी.', म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. आजोबा १९३९ ते ४३ तिथे शिकायला होते.

बरीचशी पानं त्यांच्या मित्रांची आणि प्रोफेसरांची आहेत, म्हणजे 'उद्योगाचे घरी रिद्धि-सिद्धि पाणी भरी' टाइप संदेश आणि खाली सही. एका पानावर पेन्सिलीनं क्रिकेटपटू सी. के. नायडूंची इंग्रजी सही आहे. आणि मधल्या एका पिस्ता पानावर देवनागरीत 'मो. क. गांधी' आणि खाली तारीख १०-११-४०. बाकी काही नाही, ना संदेश ना काही. मी ते पान उघडलं तेव्हा आत्या शेजारी बसली होती, ती एकदम गप्पच झाली. तिला फक्त एवढं आठवतं की आजोबा म्हणायचे, मी सेवाग्रामला जाऊन आलोय. सहीबद्दल ते कधी बोलले नाहीत.

आता गोष्ट अशी की बाबांच्या ओळखीतून जुन्या वस्तूंचा एक व्यापारी येऊन वही पाहून गेला. तो म्हणतो २५ हजार देतो पण मला फक्त ते एक पान पाहिजे, ब्लेडनं अलगद काढून घेतो, बाकीची वही तुम्हाला राहू द्या. भाऊ अमेरिकेत आहे, तो म्हणतो माझ्याकडे पाठवा, इथल्या लिलावात जास्त येतील. चुलतभाऊ म्हणतो लॅमिनेट करून फ्रेम करा. बाबांना शिफ्टिंगचं टेन्शन आहे, ते म्हणतात जे काय ते लवकर ठरवा. मला आधी हे कळायला पाहिजे की सही खरी आहे का. कोणाला यातलं कळतं का? फोटो टाकलाय, मोबाईलचा आहे, फार क्लिअर नाही आला.

टपालकाका

बेटा, सगळ्यात आधी, त्या माणसाला ब्लेड घेऊन घरात येऊ देऊ नको. कारण खाली सांगतो.

मी ३४ वर्षं टपाल खात्यात काढली आणि तिकिटं, जुनी पत्रं, सह्या जमवायचा नाद मला कॉलेजपासून आहे. मोबाईलच्या फोटोवरून सही खरी का खोटी हे कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याचं ऐकू नको, आणि मीही सांगणार नाही. पण घरबसल्या ज्या गोष्टी तपासता येतात त्या करून पाहा.

एक १० एक्सचं भिंग घे, घड्याळ दुरुस्तीवाले वापरतात तसं. त्यातून सही बघ. छापलेली असेल तर बारीक बारीक ठिपके दिसतील. हाताची असेल तर शाई कागदाच्या धाग्यात पसरलेली दिसेल. फाउंटन पेनची निब दाब पडला की फाकते, त्यामुळे जाड रेघेच्या दोन्ही कडा गडद आणि मधला भाग थोडा फिका असं बऱ्याच वेळा दिसतं. बॉलपेननं तसं होत नाही, बॉलपेनची रेघ कागदाला खळी पाडते आणि शाई वर वर बसते. बॉलपेन अमेरिकेतसुद्धा बाजारात आलं ते १९४५ मध्ये, त्यामुळे १९४० ची तारीख आणि बॉलपेनची रेघ असं दिसलं तर विषय तिथेच संपला. माझ्याकडे एकजण टिळकांची सही घेऊन आला होता, बॉलपेनची. टिळक १९२० साली गेले. त्या पोरानं त्याचे सहा हजार मोजले होते, मला सांगताना फार वाईट वाटलं.

दुसरं, सही लिहिलेली आहे का काढलेली आहे ते बघ. माणूस आपली सही वेगात करतो, सुरुवातीला आणि शेवटी रेघ निमुळती होत जाते. नक्कल करणारा हळूहळू चित्र काढल्यासारखं काढतो, मग रेघेला थरथर येते, मध्येच पेन उचललेलं कळतं, सुरुवात आणि शेवट दोन्ही बोथट. वही उलटी धरून बघ, म्हणजे आपण अक्षर वाचत नाही, फक्त रेषा बघतो, तेव्हा ही अडखळ जास्त दिसते.

तिसरं म्हणजे कागद. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च दोन-तीनशे रुपयात मिळते, नोटा तपासायची. अंधारात पानावर मार. १९५० च्या आसपासपासून कागद पांढरा शुभ्र दिसावा म्हणून त्यात एक केमिकल घालायला लागले, तो कागद टॉर्चखाली निळसर चमकतो. तुझी पानं रंगीत आहेत म्हणून कव्हरच्या आतला पांढरा कागद तपास. चमकला नाही तर चांगली खूण.

आणि जागेचं नाव. पहिल्या पानावर 'सी. पी.' लिहिलंय हे वाचून मला बरं वाटलं. आपलं नागपूर तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं, महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला. मी १९४२ ची तारीख आणि लेटरहेडवर 'नागपूर, महाराष्ट्र' असं पत्र पाहिलेलं आहे. एकावर तर ४४०००१ पिनकोड होता, पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. पोस्टकार्डावर किंमत नये पैशात छापली असेल तर ते १ एप्रिल १९५७ च्या आधीचं असूच शकत नाही. खोटं बनवणारे सहीवर महिना महिना मेहनत घेतात आणि पत्त्यात फसतात.

तारखेचं पण मी पाहिलं. १० नोव्हेंबर १९४० ला रविवार होता, कॉलेजच्या पोराला नागपूरहून वर्ध्याला जाऊन यायला तोच दिवस. गांधीजी त्या दिवसांत सेवाग्रामलाच होते, वैयक्तिक सत्याग्रह ऑक्टोबरात सुरू झाला होता. त्यांचं समग्र वाङ्मय १०० खंडांचं आहे आणि गांधी हेरिटेज पोर्टलवर फुकट वाचता येतं, त्यात बहुतेक पत्रांवर जागा आणि तारीख आहे, त्या आठवड्याची पत्रं तू स्वतः काढून बघ.

आता मला एक सांग, आजोबांची हिशोबाची वही आहे का? गांधीजी सहीचे ५ रुपये घ्यायचे, हरिजन फंडासाठी. फुकट सही द्यायचे नाहीत. १९४० मध्ये विद्यार्थ्याला ५ रुपये म्हणजे फार मोठी रक्कम होती बेटा, जो मुलगा हिशोब लिहीत असेल त्यानं ते लिहिल्याशिवाय राहणार नाही. शोध.

जुनी_पानं

लॅमिनेशन अजिबात अजिबात नको! गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की परत निघत नाही, शाईची वाट लागते. आमच्या घरी पणजोबांची सनद अशीच गेली.

इंदोराकर

ताई, टपालकाका सांगतात ते ऐका. मी काय भोगलं ते सांगतो म्हणजे कोणाच्या तरी कामी येईल.

२०१९ ची गोष्ट आहे. ऑनलाइन एका ग्रुपवर एका माणसानं बाबासाहेबांचा फोटो विकायला टाकला, खाली निळ्या शाईत इंग्रजी सही, म्हणे १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर घेतलेली. सोबत सर्टिफिकेट, त्यावर सोनेरी सील. माझे आजोबा त्या दिवशी तिथे होते, चालत आले होते गावावरून, तीन दिवसाची भाकर बांधून. मी हा फोटो पाहिला त्या महिन्यात माझ्या बाबांचा ६० वा वाढदिवस होता. मी दोन महिन्याचे पैसे जमवून १८ हजार दिले. बाबांनी नवीन पांढरा शर्ट घातला, फोटो भिंतीवर लावला, मेणबत्ती लावली, शेजारपाजारचे पाहायला आले. माझ्या आयुष्यातला एक सगळ्यात चांगला दिवस होता तो.

सहा महिन्यांनी घरात लग्न होतं. एक वयस्कर फोटोग्राफर काका आले होते, पूर्वी स्वतः डार्करूम चालवायचे. त्यांनी फोटो उतरवून मागून हात फिरवला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, पोरा, हा प्लास्टिकचा थर असलेला कागद आहे, हा १९७० च्या सुमारास चालू झाला, ५६ सालच्या फोटोचा कागद नुसता कागद असायचा, जाड, सुकताना कडा वळायच्या. मग भिंग लावलं तर निळी सही पण ठिपक्याठिपक्यांची. म्हणजे जुन्या फोटोची कॉपी आणि त्यावर कुठल्या तरी पत्रातली सही छापलेली. विकणाऱ्याचा नंबर बंद, सर्टिफिकेटवरच्या पत्त्यावर तर एक रसवंती निघाली.

बाबांना सांगू का नको यात माझे आठ दिवस गेले. शेवटी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले फोटो बाबासाहेबांचाच आहे ना, तो राहील, खालचं खोटं झाक. त्यांनी स्वतः जाड कागदाची चौकट कापली, सही त्याखाली गेली, आणि फोटो परत भिंतीवर. आजही आहे.

म्हणून सांगतो, सर्टिफिकेट देणारा कोण आहे हे माहीत नसेल तर त्या सर्टिफिकेटला काही अर्थ नाही. बाबासाहेबांच्या खऱ्या वस्तू पाहायच्या असतील तर चिचोलीच्या शांतिवनात जा, त्यांचे कोट, टाइपरायटर, वापरातल्या वस्तू, आणि त्या कोणाच्या हातून कोणाकडे आल्या हे तिथे माहीत आहे. माझ्या फोटोला तेच नव्हतं. तो माझ्या हातात येण्याआधी कोणाकडे होता हे मी विचारलंच नाही.

आणखी एक. संविधानाची 'सगळ्यांच्या सह्या असलेली ओरिजिनल कॉपी' म्हणून पण विकतात. प्रेम बिहारी नारायण रायजादांनी हातानं लिहिलेली मूळ प्रत, जिच्यावर २४ जानेवारी १९५० ला सदस्यांनी सह्या केल्या, ती संसदेच्या ग्रंथालयात हवाबंद पेटीत आहे. तिच्या १००० प्रती डेहराडूनला सर्व्हे ऑफ इंडियानं छापल्या होत्या. त्या प्रती मौल्यवान आहेतच, पण त्यातल्या सह्या छापील आहेत.

महालची_नात

इंदोराकर दादा, तुमच्या बाबांचं वाचून डोळ्यात पाणी आलं. काका, भिंग आणि टॉर्च दोन्ही बर्डीवरून आणते उद्या. हिशोबाच्या वह्यांचं आत्याला विचारते, ट्रंका अजून चार बाकी आहेत.

घाटरोड_विजय

थोडं वेगळं विचारून राहिलो, चालेल ना? माझ्या साळ्याला एक जण मोडी कागद दाखवून राहिला, म्हणते शिवाजी महाराजांच्या हातची सही आहे, पाच लाख सांगते. काहून इतका स्वस्त देऊन राहिला बाप्पा, तेच मले कळून नाही राहिलं. असं काही राहते का?

मोडीवाचक_रामटेक

विजयभाऊ, साळ्याला म्हणा एक रुपयाही देऊ नका.

आपण आज ज्याला सही म्हणतो तशी पद्धत तेव्हाच्या राजपत्रांत नव्हती. पत्र कारकून लिहायचा, माथ्यावर मुख्य मुद्रा उमटायची, महाराजांची 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही संस्कृत मुद्रा आपल्या सगळ्यांना पाठ आहे, आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब, त्यावर 'मर्यादेयं विराजते'. म्हणजे इथे पत्र संपलं, यापुढे कोणी एक अक्षर वाढवलं तर ते खोटं. शिक्कामोर्तब हा शब्द आपण रोज वापरतो तो इथलाच. पत्राचा खरेपणा सहीवर नव्हता, शिक्का, मोर्तब, कारकुनाचं वळण, मायना, कालगणना या सगळ्याचा मेळ बसतो का यावर होता. त्यामुळे 'महाराजांच्या हातची सही' एवढं वाक्य ऐकलं तरी तिथून उठायचं.

आणि मला यात जास्त आवडणारी गोष्ट म्हणजे साध्या माणसांच्या खुणा. वतनाच्या कागदांवर ज्याला लिहिता येत नाही त्या कुणब्याच्या नावापुढे नांगर काढलेला असतो, 'निशाणी नांगर'. मी पहिल्यांदा असा कागद हातात घेतला तेव्हा तो छोटासा नांगर पाहून मला राजाच्या शिक्क्यापेक्षा जास्त भरून आलं होतं. असे कागद विदर्भात अजून घराघरात आहेत, लोक चुलीत घालतात, रद्दीत देतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळातले सुद्धा. कृपा करून कोणाकडे असतील तर फेकू नका, वाचून द्यायला मी तयार आहे, पैसे घेत नाही.

रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून राज्य सरकारनं परत आणली ते सगळ्यांनी वाचलंच असेल. ती तलवार कोणाची हे कळलं कशावरून, तर तिच्यावर सोन्यात रघुजींचं नाव आणि 'सेनासाहेबसुभा' हा किताब कोरलेला होता. तेवढ्या अक्षरांनी ती तलवार घर विसरली नाही.

ग्रंथपाल_धरमपेठ

मी आयुष्य ग्रंथालयात काढलंय, त्यामुळे जपण्याबद्दल लिहिते.

नागपूरचा उन्हाळा ४५-४६ डिग्रीला जातो हे तर आहेच, पण लोकांच्या लक्षात येत नाही तो कूलर. मे महिन्यात बाहेर कोरडं ठाक आणि कूलरच्या खोलीत ओल, पुस्तकाचं कपाट नेमकं त्याच खोलीत. कागद दिवसभर फुगतो आणि आकसतो, मग पावसाळा येतो, मग बुरशी आणि कसर. तेव्हा वही कूलरच्या खोलीत नको, बाहेरच्या भिंतीला टेकून नको, माळ्यावर तर नकोच. घरातल्या मधल्या खोलीत, लाकडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात. खालच्या कप्प्यात वाळवी आधी येते.

सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो. स्टेपल, पिन, रबरबँड नको. झेरॉक्स दुकानात मिळणारे मऊ वास येणारे प्लास्टिक फोल्डर पण नको. आम्लरहित कागदाचं पाकीट मिळालं तर उत्तम, नाही तर धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवा. तुमच्या आजोबांनी धोतरात गुंडाळली होती ना, फार शहाणपणाचं काम केलं त्यांनी, म्हणूनच ८५ वर्षं टिकली. सोबत सिलिका जेलची पुडी, डांबरगोळी मात्र कागदाला चिकटून नको. वहीत कोणी वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलं असेल तर आधी काढा, त्याचा तपकिरी डाग शेजारच्या पानाला लागतो.

फ्रेम करायची असेल तर चांगला कलर फोटो काढून त्याची करा. शाई उजेडानं उडते आणि उडालेली परत येत नाही. आणि हात धुऊन, कोरडे करून वही हाताळा, बस, त्यापेक्षा जास्त काही नको.

एक विनंती. सहीचं पान पाहता तसं समोरचं पानही नीट पाहा. जुनी निळी-काळी शाई आम्ल असते, बंद वहीत वर्षानुवर्षं राहिली की समोरच्या पानावर तिची तपकिरी सावली उमटते, आरशातल्यासारखी उलटी. ती एका रात्रीत उमटत नाही. तिरप्या उजेडात बघा.

धंतोली_अमोल

सगळे जपा जपा म्हणतात ते ठीक आहे, पण ताईंच्या घरी शिफ्टिंग आहे, खर्च आहे. विकायची असेल तर त्यात चूक काय? फक्त पूर्ण वही विका, आणि दोन-तीन ठिकाणी विचारून विका. अमेरिकेत चांगले पैसे येत असतील तर भावाचं म्हणणं बरोबरच आहे की.

टपालकाका

अमोल, विकण्यात चूक नाही, माझाही संग्रह विकतच घेतलेला आहे. पण परदेशी पाठवायचं तेवढं डोक्यातून काढा. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. इतर वस्तूंना १०० वर्षं लागतात पण ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाची हस्तलिखितं आणि कागदपत्रं असतील तर ७५ वर्षं झाली की ती पुरावस्तूत येतात. १९४० अधिक ७५, म्हणजे २०१५ लाच ही वही त्या हिशोबात आली. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. भावानं सुट्टीवर आल्यावर बॅगेत टाकून नेली तरी तो गुन्हाच. देशात विकायला बंदी नाही, पण असा व्यापार करणाऱ्याकडे लायसन्स लागतं, त्या माणसाला ते विचारायला हरकत नाही, बघू काय म्हणतो.

आणि गांधीजींच्या वस्तूंना परदेशात किती येतात हे मलाही माहीत आहे. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला त्यांचा चष्मा २ लाख ६० हजार पौंडांना गेला, एकानं तो पाकिटात घालून लिलाववाल्यांच्या टपालपेटीत टाकून ठेवला होता. पण तिथेही तो चष्मा घराण्यात कोणाकडून कोणाकडे आला ही गोष्ट सोबत होती. नुसता चष्मा कोणी घेतला नसता. तुझ्या वहीला ती गोष्ट आहे, मालक आहे, कॉलेज आहे, त्या वेळचे मित्र आहेत. एक पान कापलं की ते पान अनाथ झालं बेटा.

महालची_नात

सगळ्यांना सांगायचंय, आज रविवार, सकाळपासून आम्ही तिघं हेच करून राहिलोय.

भिंगातून पाहिलं. ठिपके नाहीत. 'मो' च्या काना-मात्रेला जिथे दाब पडलाय तिथे काकांनी सांगितलं तशा दोन गडद कडा दिसतात, आणि शेवटच्या वेलांटीची रेघ इतकी पातळ होत जाते की नुसत्या डोळ्यांना ती संपलेली वाटते पण भिंगात अजून थोडी पुढे आहे. शाई आता तपकिरी काळी आहे. कव्हरच्या आतला कागद टॉर्चखाली चमकला नाही, शेजारी मी ऑफिसचा साधा ए-फोर कागद ठेवला होता तो निळा लखलखला.

मग ग्रंथपाल मॅडमनी सांगितल्याप्रमाणे समोरचं पान. ते गुलाबी पान आहे, त्यावर आजोबांच्या कोणा मित्रानं जांभळ्या शाईत 'आधी केले मग सांगितले' लिहिलंय. मी इतके दिवस ते पान दहा वेळा पाहिलं असेल, काही दिसलं नव्हतं. आज खिडकीपाशी तिरपं धरलं आणि त्या वाक्याच्या खाली अगदी फिकट, चहाचा डाग पडल्यासारखी, उलटी सही. आरसा आणून समोर धरला तर 'गांधी' मधला 'धी' स्पष्ट वाचता आला. बाबा कधी इतक्या जवळून काही पाहत नाहीत, ते चष्मा कपाळावर चढवून दहा मिनिटं ते पान घेऊन बसले होते. म्हणजे त्या माणसानं पिस्ता पान कापून नेलं असतं तर ही सावली आमच्याकडे राहिली असती आणि सही त्याच्याकडे, आणि दोन्हीला अर्थ राहिला नसता.

आणि हिशोबाची वही. काका, सापडली!! तिसऱ्या ट्रंकेत तळाला, लाल बांधणीची, १९४० ची. आजोबा रोज लिहायचे, खाणावळ, दूध, केस कापणे, शाई, सगळं. १० नोव्हेंबरच्या खाली लिहिलंय 'वर्धा रेल्वे जाऊन येऊन', पुढे 'टांगा फक्त जाताना', आणि त्याच्या खाली 'म. गांधी सही, ह. फंड ५ रु.' अक्षर त्यांचंच आहे, आत्याकडे त्यांची पत्रं आहेत, जुळवून पाहिलं.

आत्या पुढची पानं उलटत होती. रोज दिसणारी दुधाची नोंद ११ नोव्हेंबरपासून नाही. थेट डिसेंबरच्या पहिल्या तारखेला परत 'दूध पूर्ववत' असं लिहिलंय.

व्यापाऱ्याला बाबांनी स्वतः फोन करून नाही सांगितलं. वही आत्याकडे राहील, तिचं घर तळमजल्यावर नाही आणि मधली खोली थंड असते. दोन्ही वह्या एकाच डब्यात ठेवतोय. काका, तुम्ही प्रत्यक्ष पाहायला याल का? पुढच्या रविवारी आत्याकडेच या, इंदोराकर दादांनाही सोबत घ्या, त्यांच्या बाबांनाही.

टपालकाका

येतो बेटा. 'टांगा फक्त जाताना' वाचलं आणि थांबलो. वर्धा स्टेशन ते सेवाग्राम सात-आठ किलोमीटर आहे, म्हणजे परत येताना चालत आले ते.

इंदोराकर

आम्ही दोघं येतो ताई. बाबा विचारून राहिले किती वाजता.